अर्धबळाचा व्यायाम

एकाच रोगाला एकाच गावात किती नावे असावीत! रायपूरच्या तात्यापाऱ्यात किंवा ब्राह्मणपाऱ्यात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरात त्याला 'अर्धांगवायू' म्हणतात. वैद्यकाचा थोडाफार परिचय असलेला मनुष्य 'पक्षाघात' म्हणतो. भिंतीपलीकडचा छत्तीसगढी शेजारी 'लकवा मारला' असे सांगतो, आणि इस्पितळाच्या कागदावर 'स्ट्रोक' असे लिहिलेले असते. नावे निराळी, तरी घराघरांतील भावना मात्र एकच असते. काल सायंकाळपर्यंत हिंडता फिरता असलेला घरचा कर्ता मनुष्य आज सकाळी उठतो तो एक हात व एक पाय परका होऊन, आणि जिभेवरचा शब्दही ओठांपर्यंत येत नाही. तो वाचतो, पंधरवड्याने घरी येतो, आणि मग घरात एक मूक करार होतो. त्याने आता काही करावयाचे नाही. पाण्याचा तांब्याही त्याच्या हाती द्यावयाचा. श्रम झाले तर रक्तदाब चढेल, आणि रक्तदाब चढला तर पुन्हा झटका येईल, हे तर्कशास्त्र सर्वांना पटलेले असते.

हे तर्कशास्त्र खरे की खोटे, हा आजच्या भाषणाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येईल. परंतु त्या उत्तरापर्यंत येण्यास वैद्यकाला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली, आणि त्या प्रवासाची हकिगत उत्तराइतकीच बोधप्रद आहे.

रायपूरचे नाव येथे सहज आलेले नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1741 मध्ये छत्तीसगढात उतरल्या, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास बसून राज्य केले, 1818 नंतर कर्नल अ‍ॅग्न्यूने कारभाराचे ठाणे रायपुरास आणले आणि 1854 मध्ये हा सारा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला. या शंभर-सव्वाशे वर्षांत आणि पुढे मध्यप्रांताच्या काळात कारकून, वकील, शिक्षक, वैद्य अशी मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे वस्ती आणि डॉक्टरच्या रक्तदाबमापकात 'पारा' म्हणजे पारद. या दोन पाऱ्यांची गाठ आज रायपुरातील घरोघरी पडलेली आहे. मराठी मनुष्याने येथे येताना आपली लोणची, पापड, सांडगे आणले. येथे त्याला बोरे-बासी आणि मिठात मुरवून वाळवलेल्या मिरच्या भेटल्या. मीठ दोन्हीकडून वाढले. बैठ्या नोकरीने चालणे कमी झाले. रक्तदाबाच्या रोगाला याहून सोयीची भूमी ती कोणती?

आपल्या प्राचीन वैद्यकाने या रोगाकडे कसे पाहिले, ते आधी पाहू. चरकसंहितेत पक्षाघाताची गणना वातव्याधीत केलेली आहे. त्यावर उपचार सांगितले ते स्नेहन, स्वेदन आणि विरेचन. म्हणजे तेल, शेक आणि रेच. आजही महाराष्ट्रात व छत्तीसगढात रोग्याचे अंग महामाष किंवा महानारायण तेलाने चोळतात, ती याच परंपरेची खूण. (पारव्याच्या रक्ताने लुळे अंग चोळण्याची चाल मात्र कोणत्याही शास्त्राची नव्हे, ती निव्वळ भाबडी समजूत, तिने पक्षी मरतो आणि रोग्याचे मोलाचे दिवस वाया जातात.)

व्यायामासंबंधी मात्र आपल्या ग्रंथकारांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की मोठी मौज दिसते. सुश्रुताने व्यायामाचे प्रमाण 'बलार्ध' असे ठरविले. मनुष्याने आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा. आणि ती निम्मी मर्यादा ओळखावयाची कशी, तर श्वास जलद होऊन तोंडावाटे येऊ लागला की. वाग्भटानेही अर्ध्या शक्तीचाच पुरस्कार केला. परंतु त्याच वाग्भटाने व्यायाम कोणी टाळावा याची यादी दिली, तीत वातपित्ताचे रोगी, बालक, वृद्ध आणि अजीर्णी ही मंडळी घातली. पक्षाघात हा वाताचा रोग, आणि तो बहुधा उतारवयात येणारा. म्हणजे या रोग्याला दोन्ही दारे बंद. ज्या ग्रंथात औषधाची नेमकी मात्रा लिहिली होती, त्याच ग्रंथात ती या रोग्याला देऊ नये असेही लिहिले होते. त्या काळच्या अनुभवाला धरून ही सावधगिरी योग्यच असेल. परंतु पुढे तिचा निर्बंध झाला आणि शतकानुशतके कोणी त्याची फेरतपासणी केली नाही.

पाश्चात्य वैद्यकाची स्थिती याहून वेगळी नव्हती. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत तीव्र झटका असाध्य आणि सौम्य झटका दुःसाध्य मानलेला होता. 1658 मध्ये योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने शवविच्छेदन करून दाखविले की अशा रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. रोग मेंदूतील रक्तवाहिन्यांचा आहे, एवढे कळले. पण त्या वाहिन्या का फुटतात किंवा का तुंबतात, हे कळावयास अजून अडीचशे वर्षांचा अवकाश होता.

या अंधाऱ्या काळातील एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राचेच आहे आणि ते प्रत्येक मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जनतेने जोतीराव फुले यांना 'महात्मा' ही पदवी अर्पण केली. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे वय त्या वेळी एकसष्ट. त्यांच्यावर उपचार केले ते त्यांचे स्नेही व सत्यशोधक समाजातील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. घोल्यांची निष्ठा आणि विद्या यांविषयी शंका नाही. परंतु त्यांच्यापाशी रक्तदाब मोजण्याचे साधनच नव्हते, कारण ते जगात कोठेच व्यवहारात नव्हते. अशा अवस्थेत जोतीरावांनी डाव्या हाताला लिहिण्याची सवय लावली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्या हाताने लिहून 1889 मध्ये पुरा केला. 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ 1891 मध्ये प्रसिद्ध झाला.

या घटनेकडे आपण सामान्यतः मनोधैर्याचा आदर्श म्हणून पाहतो, आणि ते उचितच आहे. परंतु तिच्यात शरीरशास्त्राचाही एक पाठ आहे. एकसष्टाव्या वर्षी, आघात झालेल्या मेंदूने, एका हाताला नवे कौशल्य शिकविले. मेंदू शिकू शकतो, ही गोष्ट त्या डाव्या हाताने लिहून ठेवली. वैद्यकाने ती पुष्कळ उशिरा वाचली. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांचीही कथा अशीच. 1868 मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना झटका येऊन डावी बाजू अधू झाली. सांसर्गिक काळपुळीवरील लशीचा त्यांचा जाहीर प्रयोग 1881 चा आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील लशीचा 1885 चा. म्हणजे ज्या कामामुळे जग त्यांना ओळखते त्यातील मोठा भाग झटक्यानंतरचा आहे.

आता रक्तदाबाकडे वळू. रक्ताला दाब असतो हे प्रथम मोजून दाखविले ते स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने. त्याने एका घोडीला बांधून तिच्या मांडीच्या रोहिणीत पितळी नळी घातली, तिला उंच काचेची नळी जोडली, आणि रक्त त्या नळीत आठ फुटांहून अधिक चढलेले पाहिले. 1733 मध्ये त्याने हे प्रसिद्ध केले. प्रयोग अचूक होता, पण माणसावर करण्याजोगा नव्हता.

त्यानंतरचे एक नाव आपल्याला जवळचे वाटावे असे आहे. पाटण्यास जन्मलेले दीन महंमद नावाचे गृहस्थ इंग्लंडात गेले आणि ब्रायटन येथे त्यांनी चंपी व बाष्पस्नानाचे गृह थाटले. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर महंमद हा लंडनच्या गाइज इस्पितळात डॉक्टर झाला. नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारून त्याने 1870 नंतरच्या दशकात असे दाखविले की मूत्रपिंडे निकोप असलेल्या, वरकरणी धडधाकट माणसांतही रक्ताचा दाब वाढलेला असू शकतो, आणि हा दाब हळूहळू रक्तवाहिन्यांचा, हृदयाचा व मेंदूचा घात करतो. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, 1884 मध्ये, विषमज्वराने तो गेला. आज डॉक्टर ज्याला रोग्याचा 'मुका शत्रू' म्हणतात त्याची ओळख पटविणाऱ्या पहिल्या माणसांत एका पाटणेकराचा नातू होता, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नाही.

पुढे 1896 मध्ये इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाभोवती गुंडाळावयाची रबरी पिशवी व पाऱ्याची नळी यांचे साधे यंत्र केले, आणि 1905 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय कोरोटकॉव्ह या तरुण रशियन शल्यवैद्याने नळी कानाला लावून रोहिणीतील ठोके ऐकण्याची रीत सांगितली. त्याचे टिपण एका पानाहूनही लहान होते. त्या छोट्या टिपणामुळे वरचा व खालचा असे दोन्ही दाब कळू लागले. जोतीरावांच्या झटक्याला तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

मोजता येऊ लागले म्हणून उपाय सापडला असे मात्र झाले नाही. उलट 1930 च्या सुमारास नामांकित डॉक्टर असे प्रतिपादन करीत की वाढलेला दाब हा कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीराने केलेली सोय आहे. तो उतरविण्याचा खटाटोप करणे धोक्याचे. या मताची किंमत किती जणांनी दिली याची गणती नाही. एकाची किंमत मात्र साऱ्या जगाने पाहिली. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब वर्षानुवर्षे चढत होता. 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी त्यांचा दाब 300 वर 190 नोंदला गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुषापाशीही त्या काळी त्यावर धड औषध नव्हते.

ते औषध भारताच्या रानात होते. सर्पगंधा ही लहानशी झुडुपवर्गीय वनस्पती. बिहारात तिची मुळी 'पागल की दवा' म्हणून विकली जाई. 1931 मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी कलकत्त्याहून तिच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाविषयी लिहिले. मुंबईच्या किंग एडवर्ड स्मारक इस्पितळातील डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांवर तिची पद्धतशीर परीक्षा करून 1949 मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्य वैद्यक जागे झाले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडात त्या मुळीतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. 1957 मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्या औषधाने काहींना मनाची उदासी येते असे दिसल्याने व अधिक चांगली औषधे निघाल्याने त्याचा वापर मागे पडला. पण त्याने एक काम निश्चित केले. 1967 मध्ये एडवर्ड फ्रीस यांनी अमेरिकेतील 143 माजी सैनिकांवर घेतलेल्या चाचणीत जी तीन औषधे वापरली गेली, त्यांत रेसर्पिन होते. या सर्वांचा खालचा दाब 115 ते 129 होता. औषध घेणाऱ्यांत दोघांना गंभीर उपद्रव झाले; नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत सत्तावीस जणांना. वाढता रक्तदाब ही शरीराची सोय नव्हे, तो घातक आहे आणि तो उतरविता येतो, याविषयी मग वाद उरला नाही.

एक कोडे सुटले. दुसरे तसेच राहिले. श्रमाचे काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विश्रांती हेच मोठे औषध होते. हृदयविकाराच्या रोग्याला सहा सहा आठवडे पाठीवर निजवून ठेवीत. जेवणही दुसऱ्याने भरवावयाचे. 1952 मध्ये बोस्टनच्या लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा रोग्यांना बिछान्यातून उचलून खुर्चीत बसविण्यास आरंभ केला, तेव्हा तो अत्याचार वाटला. परंतु रोगी खुर्चीत अधिक बरे राहिले. 1953 मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसगाड्यांतील नोकरांची पाहणी प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून, आणि वाहक दिवसाकाठी पाचशे-सातशे पायऱ्या चढून उतरून. एकाच परिवहन सेवेत काम करणाऱ्या या दोन वर्गांत हृदयविकाराचे प्रमाण वाहकांत स्पष्टपणे कमी आढळले.

1966 मध्ये अमेरिकेत डॅलस येथे झालेला प्रयोग तर गोष्टीसारखा आहे. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास लावले. त्यांची श्रमशक्ती चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण, आता पन्नाशीत आलेले, पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयोमानाने त्यांची शक्ती जितकी कमी झाली होती, त्याहून ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने अधिक कमी झालेली होती! धडधाकट तरुणाची ही गत, तर अर्धांगाच्या साठीतील रोग्याला सहा महिने निजविल्यावर काय उरत असेल? आपण ज्याला रोगाने आलेली दुर्बलता म्हणतो, तिच्यातील पुष्कळ भाग विश्रांतीने आणलेला असतो.

भारतात अंगसाधनेच्या शास्त्राला प्रथम आश्रय दिला तो मुंबईने. पोलिओच्या साथींनी मुले पंगू होऊ लागली, तेव्हा 1953 मध्ये किंग एडवर्ड इस्पितळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे पहिले विद्यालय निघाले. 1955 मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. अर्धांगाच्या रोग्याला उभे करणे, चालविणे, घास तोंडाशी नेण्यास शिकविणे हे कार्य येथून सुरू झाले. तरी एक जुनी भीती शास्त्रातही शिल्लक होती. लंडनच्या बर्टा बोबाथ यांच्या प्रभावी उपचारपद्धतीत असे मानीत की रोग्याने जोराचा श्रम केला तर लुळ्या अंगाचा ताठरपणा वाढतो. म्हणून हालचाल नेटकी व संथ असावी, जोर लावू नये. शिवाय रक्तदाबाचे भय होतेच. त्यामुळे अवयवांना वळण लावले जाई. परंतु हृदय व फुप्फुसे यांना व्यायाम मिळत नसे.

1968 मध्ये केनेथ कूपर या अमेरिकन वायुदलातील डॉक्टराने 'एअरोबिक्स' हे पुस्तक लिहिले आणि तो शब्द जगभर रूढ झाला. त्याचा अर्थ अगदी साधा आहे. ज्या व्यायामात मोठे स्नायू तालात, सलग, काही मिनिटे हलत राहतात आणि त्यांना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरेसा मिळत जातो, तो एअरोबिक व्यायाम. भरभर चालणे, सायकल, पोहणे हे त्यात येतात. एका दमात जड वजन उचलणे त्यात येत नाही. निरोगी माणसांसाठी निघालेली ही कल्पना अर्धांगाच्या रोग्यापर्यंत यावयास मात्र आणखी पंचवीस वर्षे गेली.

1995 मध्ये अमेरिकेतील कॅथलीन पोटेम्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अर्धांगाचे 42 रोगी. काहींना आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, त्यांच्या अंगाला बेतलेल्या स्थिर सायकलीवर व्यायाम. इतरांना नुसती सांध्यांची हालचाल. सायकल चालविणाऱ्यांची प्राणवायू वापरण्याची शक्ती सरासरीने तेरा टक्क्यांनी वाढली. आणि ज्या भीतीपायी हे रोगी निजून होते, तिचे उत्तरही मिळाले: पूर्वीइतकेच श्रम करताना त्यांचा वरचा रक्तदाब आता पूर्वीपेक्षा कमी चढू लागला. त्यानंतर बाल्टिमोरला रिचर्ड मॅको यांनी सरकत्या पट्ट्यावर चालण्याचे प्रयोग केले, इतर देशांतही झाले. 2020 मध्ये झालेल्या एका मोठ्या समीक्षेत अशा 75 प्रयोगांचा व 3000 हून अधिक रोग्यांचा आढावा घेण्यात आला. चालण्याचा वेग, तोल आणि दम या तिन्ही बाबतींत लाभ दिसला. ताठरपणाची भीती खरी ठरली नाही.

हे कसे घडते? श्रम करताना वरचा दाब चढतो, यात खोटे काही नाही. पण व्यायाम थांबल्यावर रक्तवाहिन्या सैल होतात व दाब काही तास मूळच्या पातळीखाली राहतो. रोजच्या रोज असे घडले की वाहिन्यांचे आतले अस्तर अधिक लवचिक होते, त्यातून वाहिनी रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड अधिक स्रवते, आणि सतत ताण देणाऱ्या मज्जातंतूंचा जोर ओसरतो. दुसरी गोष्ट अशी की अर्धांगाच्या रोग्याला लंगडत चालण्यास निरोगी माणसाच्या मानाने पुष्कळ अधिक शक्ती लागते, काही वेळा दुप्पटही. आणि त्याच्यापाशी शक्ती असते ती निम्मी. उत्पन्न निम्मे आणि खर्च दुप्पट, असा हा संसार. व्यायामाने उत्पन्न वाढते आणि चाल सुधारून खर्च घटतो.

येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. झटक्यानंतरच्या रोग्यांवरील प्रयोग एकत्र करून पाहता व्यायामाने वरचा दाब सरासरी तीन ते चार मिलिमीटरांनी उतरतो. हा आकडा लहान दिसतो. त्याच्याशेजारी 2001 चा 'प्रोग्रेस' नावाचा प्रयोग ठेवावा. पूर्वी झटका येऊन गेलेल्या 6105 रोग्यांत औषधांनी वरचा दाब सरासरी नऊने उतरला, तेव्हा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण 28 टक्क्यांनी घटले. म्हणजे थोडे उतरणेही व्यर्थ नाही. पण व्यायाम हा गोळीचा पर्याय नव्हे, तो तिचा जोडीदार आहे. 'आता मी रोज फिरतो, गोळी बंद केली' असे म्हणणारा मनुष्य एका हाताने मिळविलेले दुसऱ्या हाताने गमावतो.

अतिउत्साहालाही शास्त्राने लगाम घातला आहे. 2015 मध्ये पाच देशांतील 2104 रोग्यांवर झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' या प्रयोगात झटक्यानंतर चोवीस तासांच्या आतच रोग्यांना वारंवार उठविण्यात आले. फळ उलटे मिळाले. नेहमीच्या संथ रीतीने उठविलेले रोगी अधिक बरे निघाले. घाव ताजा असताना घाई नको. तो स्थिरावल्यावर आळस नको. रक्तदाब आवरलेला असावा, हृदयाची तपासणी झालेली असावी, आणि विश्रांतीत असतानाच वरचा दाब 200 किंवा खालचा 110 यांच्यावर असेल त्या दिवशी व्यायाम करू नये. ही मोजणी डॉक्टरने करावयाची आहे, शेजाऱ्याने नव्हे.

आपल्या देशातील एका प्रयोगाने आणखी एक कटु गोष्ट शिकविली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अटेंड' या चाचणीत भारतातील 14 इस्पितळांतील 1250 रोग्यांचा समावेश होता. त्यांतील निम्म्यांच्या घरच्या माणसांना रोग्याची अंगसाधना शिकवून घरी पाठविले. सहा महिन्यांनी पाहता, शिकविलेल्या आणि न शिकविलेल्या घरांतील रोग्यांत मृत्यू व पंगुत्व यांचे प्रमाण सारखेच आढळले. आपल्या कुटुंबवत्सल समाजाला हा धक्काच आहे. माया हवी, पण मायेने सारे भागत नाही. जाणकाराचा हात व त्याची देखरेख यांची जागा घरची माणसे थोड्या शिकवणीने भरून काढू शकत नाहीत, असाच याचा अर्थ घ्यावा लागेल.

म्हणून रायपुरात या बाबतीत काय घडले ते महत्त्वाचे ठरते. 1956 पर्यंत रायपूर मध्यप्रदेशाच्या ज्या जुन्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर. कठीण रोगी घेऊन मंडळी आगगाडीने नागपूर गाठीत. 1963 मध्ये रायपुरास वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला आकाशवाणीचे केंद्रही. 2000 मध्ये छत्तीसगढ राज्य झाले, 2012 मध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि तीत पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे. रायपूरकराला आता नागपूरची वाट धरण्याचे कारण उरलेले नाही. परंतु बस्तरातील जगदलपूर रायपूरपासून तीनशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि मेंदूतील रक्ताची गाठ विरघळविणारे औषध द्यावयास सामान्यतः साडेचार तासांचाच अवधी असतो. एवढ्या अंतरावरच्या माणसाला झटका येऊ न देणे आणि आलेला पुन्हा येऊ न देणे, हाच मोठा उपचार. तो घरापाशी, पायांपाशी आहे.

त्याची रीत आज सर्वमान्य आहे. आठवड्यातून तीन ते पाच दिवस, वीस मिनिटांपासून वाढवीत नेलेला व्यायाम. एका दमाने न जमल्यास दहा दहा मिनिटांचे तुकडे. वेग असा की श्वास वाढावा, पण सोबत्याशी वाक्य पुरे करता यावे. श्वास कोंडून जोर करावयाचा नाही. ज्यांना चालता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून स्थिर सायकल फिरवावी. वैशाखात रायपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. तेव्हा सूर्य वर येण्याआधी बाहेर पडावे, नाहीतर घरातील ओसरीतच येरझारा घालाव्यात. छातीत दुखणे, भोवळ किंवा नवी बधिरता आली तर तत्काळ थांबावे आणि इस्पितळ गाठावे.

श्रोतेहो, सुश्रुताचे 'बलार्ध' आणि आजच्या शास्त्रज्ञाची 'मध्यम तीव्रता' यांत फारसे अंतर नाही, हे आता तुमच्या ध्यानी आले असेल. आपल्या पूर्वजांना मात्रा ठाऊक होती. ती या रोग्यालाही देता येईल, एवढेच ठाऊक नव्हते, कारण त्यांच्यापाशी दाब मोजण्याचे साधन नव्हते. आपल्यापाशी ते आहे. बुढा तलावाच्या काठावर पहाटे काठी टेकीत, एक पाय ओढीत चालणारा वृद्ध दिसला, तर 'बिचाऱ्याला घरी का बसू देत नाहीत' असे म्हणू नये. तो आपल्या उरलेल्या शक्तीचा निम्मा भाग त्या फेरीत खर्च करीत आहे, आणि उद्यासाठी थोडी अधिक मिळवीत आहे. त्याला वाट द्यावी. आणि जमल्यास, त्याच्याच चालीने, चार पावले त्याच्यासोबत चालावे.